दिवा लाल होता

गोड आठवणी सांगा म्हणे. भामा रेडिओचा वर्धापनदिन आहे, पुस्तिका काढायची आहे, सुरुवातीपासून फुकट राबलेल्या लोकांच्या चार गोड आठवणी हव्यात, असं सांगून संस्थेनं एक मुलगी माझ्या घरी पाठवली. पोरगी चांगली होती, चहाला नको म्हणाली नाही. पण गोड पाहिजे तर चाकणच्या चौकात जिलेबी मिळते, माझ्याकडे कशाला यायचं? मी तिच्यासमोर डावा हात धरला. मनगटापासून कोपराकडे गेलेला व्रण बघितल्यावर तिनं मोबाइल खाली ठेवला. म्हटलं, ठेवू नको बाई, रेकॉर्डिंग चालू राहू दे. तुमच्या पुस्तिकेत बसली तर बसली, पण मी सांगेन तर या व्रणाचीच आठवण सांगेन.

मी मूळची बार्शीकडची. नवरा इथं कंपनीत लागला म्हणून आले आणि कंपनीतल्या पोरांचे डबे करायला लागले. शफीभाईचा डबा पण माझ्याकडेच होता. त्यांचं जळालेल्या मोटारी नव्या वायरीनं भरून द्यायचं दुकान, माणूस इथलाच, चाकणात जन्मलेला. संस्थेनं रेडिओ काढला तेव्हा सगळी मशिनरी त्यांनीच बसवली, आणि एकदा डबा द्यायला गेले तर मला म्हणाले, विजूताई, आज बाजारभाव वाचायला कोणी आलेलं नाही, तुमचा आवाज खणखणीत आहे, वाचा. तेव्हा बसले ती बसलेच. पगार नाही, मानधन नाही, वर घरच्यांच्या शिव्या. तरी जायचे. आपण बोललेलं वाडीवस्तीतल्या चाळीचाळींत वाजतं, बाई भाकरी थापताना ऐकते, हे एकदा कळलं की माणूस बिघडतोच.

स्टेशन कसलं, चाकण-तळेगाव रस्त्याला एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपवरचा मजला. दोन खोल्या, मधे काच. एकीत माइक आणि बोलणारे, तिला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. भिंतींना अंड्याचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. दुसरीत शफीभाई आणि त्यांची बटणं. खाली दिवसभर लोखंडाची ठोकाठोक, आणि ती थोडीफार माइकमधून जायचीच. लोक चेष्टा करायचे, की तुमच्या बातम्या घनानं ठोकून देता का. नंतर नंतर त्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली की ठोकाठोक नसली की फोन यायचे.

स्टुडिओच्या दारावर, आतल्या बाजूनं, एक लाल दिवा होता. तो पेटला की माइक उघडे, म्हणजे आत जे होईल ते सगळं हवेत जाणार. शफीभाईचा एकच कायदा, दिवा लाल असला की मरायचं, पण आवाज करायचा नाही. आणि तो माणूस बोलायचा तसं वागायचा. एकदा वायर जोडायला ते आत आले होते, माइक चालू, आणि तापलेला सोल्डर त्यांच्या पायावर पडला. गळ्यातला रुमाल तोंडात कोंबून ते तसेच खाली बसले, चूं केलं नाही. मी कांद्याचे भाव वाचत असताना गांधीलमाशी माझ्या पापणीला चावली होती. डोळा बटाट्याएवढा सुजला, पण गोळा, गोल्टी, बदला, कांद्याच्या सगळ्या प्रतींचे भाव वाचून मगच मी बोंबलले. समाधान म्हणून एक पोरगा तेव्हा नवीन आला होता. तो आमच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होता. आम्हाला काय कौतुक त्या गोष्टींचं! नवीन कोणी आलं की पहिल्यांदा ह्याच सांगायचो.

कायदा पाळायची नाही ती एक गिरजाआजी. गिरजाबाई म्हणजे वाडीतल्या जुन्या पाटलांच्या घरची, नवरा भिमाजी कधीच वारलेला, वय झालेलं, कानानं कमी. दर गुरुवारी ओव्या गायला यायची. डोळे मिटून, कानाला हेडफोन लावून गायला लागली की तिला जग नाही. हेडफोनचा आवाज आम्ही तिच्यासाठी पुरा वर केलेला असायचा. गाणं थांबलं की मात्र डोळे उघडून भर कार्यक्रमात म्हणायची, "विजे, चा ठेवलास का गं?" आख्ख्या चाकणनं ते ऐकलेलं. मी डोक्याला हात लावायची. किती वेळा सांगितलं, आजी, दिवा लाल आहे. तर म्हणे, दिवा देवापुढं असतो, तिथं म्या गप बसती.

आता समाधान. हिंगोलीकडचा पोरगा, प्रेसशॉपमध्ये कामाला होता. पत्रा कापायच्या त्या प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खाली येत नाही. पण त्यानं काम हळू होतं, म्हणून तो बंद करून ठेवायचा आणि पोरांना सांगायचं, हात सांभाळा. समाधानची उजव्या हाताची तीन बोटं एका झटक्यात गेली. तो सांगायचा, दुखलं नाही काकू, आधी नुसतं गरम वाटलं, मग बघितलं तर बोटं पत्र्याच्या तुकड्यांबरोबर खालच्या डब्यात पडलेली. आणि त्याला गाडीत घालून नेईपर्यंत दुसऱ्या पोराला त्याच मशीनवर उभं केलेलं, पाट्यावरचं रक्त पुसून. ज्या ठेकेदारानं त्याला कामाला लावलं होतं, त्यानं सगळीकडे सांगितलं की पोरगा मोबाइल बघत होता. समाधानला बोटांपेक्षा ते जास्त लागलं. तो ठेकेदार म्हणजे हिंदुराव. गिरजाआजीचा एकुलता एक मुलगा.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. माझा हिंद्या परगावच्या पोरास्नी कामाला लावतो, असं ती अभिमानानं सांगायची. समाधानसाठी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणायची, त्याच्या त्या हातावरून हात फिरवायची आणि कुठल्या मेल्यानं असं केलं म्हणून शिव्या द्यायची. समाधान मान खाली घालून खायचा. मला तर ते बघवायचं नाही.

ओव्यांनंतर समाधानचा कार्यक्रम असायचा. नाव साधंच, 'हात'. दर गुरुवारी एक कामगार यायचा आणि आपलं काय झालं ते सांगायचा. कोणाचं बोट, कोणाचा पंजा. एकीची वेणी मशीनच्या पट्ट्यात ओढली जाऊन डोक्याची कातडी सुटून आलेली. तरी लोक ऐकायचे. एक अट आम्ही पहिल्यापासून पाळत होतो, ना कंपनीचं नाव घ्यायचं, ना माणसाचं. तरी ज्याचं त्याला कळत होतंच. हिंदुराव आधी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. गोड बोलला, समाजसेवा चांगली आहे पण इंडस्ट्रीची बदनामी नको म्हणाला. त्यानंतर कार्यक्रमात बोलून गेलेल्या एकाला भर दिवसा चौकात गाठून त्याचा गुडघा पाइपनं फोडला. एवढी रहदारी, पण कोणी पाहिलं नाही. मग समाधानची मोटरसायकल चाळीसमोर पेटवून दिली. टाकी फुटली तेव्हा शेजारचं लहान पोर भाजलं.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. हा पठ्ठ्या त्या गुरुवारी माइकवर म्हणाला, पुढच्या वेळी माझी पाळी. सेन्सर कोणी बंद केला ते मी नाव घेऊन सांगणार. आम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही, डायरेक्ट हवेत. मी त्याला बाहेर घेऊन झापला. म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नको, गावाला एक आई आहे तुला. शफीभाईंनी पण समजावलं. तो म्हणाला, काकू, मी मोबाइल बघत नव्हतो. एवढं एकदा मोठ्यानं सांगू द्या, मग मी कायमचा गप्प. फक्त एक करा, ओव्या संपल्या की आजीला चहाच्या निमित्तानं बाहेर न्या. तिच्यासमोर तिच्या पोराचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. मी हो म्हटलं.

तो गुरुवार उजाडला. साडेतीनची शिफ्ट सुटायच्या आधी आजीच्या ओव्या सुरू झाल्या. फर्माईश कोणाकोणाची ते वाचायला समाधान तिच्या शेजारी बसलेला. काचेच्या अलीकडे मी आणि शफीभाई. मधेच पंखा थांबला, ट्यूब विझली, खालचं वर्कशॉप गप्प झालं. लाइट गेली. आम्ही काही मनावर घेतलं नाही, कारण शफीभाईंनी ट्रकच्या बॅटऱ्या जोडून ठेवल्या होत्या. लाइट गेली तरी माइक, ट्रान्समीटर आणि तो लाल दिवा चालूच राहायचा. हे आम्हाला माहीत होतं. डीपीवरचे फ्यूज काढून जे जिना चढत होते, त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबानं रेडिओ मेलेला होता.

पाच-सहा जण असतील. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एक आमच्या खोलीत शिरला, त्याच्या हातात कोयता. त्यानं तो शफीभाईच्या मानेला लावला आणि हळू आवाजात विचारलं, हे बंद आहे का चालू? शफीभाईंनी बोटानं वरचा थांबलेला पंखा दाखवला. लाइटच नाही भाऊ, म्हणाले, काय चालू असणार? त्यानं पंख्याकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं, त्याला पटलं. शफीभाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मला कळलं. समाधान आता ओरडेल, आणि ओरडला की चाळीचाळींत, रस्त्यावरच्या कंपनीच्या बसमध्ये, टपऱ्यांवर सगळीकडे ऐकू जाईल. आमची दोघांची बोंब काचेच्या पलीकडे जाणार नव्हती. त्याची जाणार होती.

पलीकडे बाकीचे आत गेले. दारात एक जण उभा राहिला, एक खांदा पडलेला, आणि त्यानं बाकीच्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. खाली रस्ता आहे, आवाज नको. त्यांनी समाधानला केसाला धरून खुर्चीवरून खाली ओढलं. पहिला रॉड पाठीत बसला. दुसरा त्यानं हातावर झेलला, तो चांगला हात, कोपराच्या खाली मोडून लोंबायला लागला. आणि आजी गात होती. डोळे मिटलेले, कानात तिचाच आवाज.

*कांद्याच्या वखारीत बाई डोळ्याला आलं पाणी*
*लोक म्हणती रडती, मी गं गाती गाणी*

मी वाट बघत होते. ओरड रे बाबा. मनातल्या मनात मी त्याला इतक्या शिव्या घातल्या, इतक्या शिव्या घातल्या. त्यानं मान वळवली, दारावरच्या दिव्याकडे बघितलं आणि शर्टाची बाही तोंडात कोंबली. डोळ्यांदेखत. रॉड पडत होते, बरगड्यांवर, मांड्यांवर, एकानं बुटाची लाथ तोंडावर घातली तेव्हा जबडा सरकलेला मला काचेतून दिसला. बाही लाल झाली. पण त्या पोरानं आवाज म्हणून काढला नाही. काय शिकवून ठेवलं होतं आम्ही त्याला! शफीभाईच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, कोयता मानेला तसाच. ते पुटपुटत होते, बोल बेटा, बोल. आणि रेडिओवर काय जात होतं? आजीची ओवी, आणि मागे धप धप. लोकांना वाटलं असणार, खाली नेहमीची ठोकाठोक.

आता हा मरणार, हे मला दिसत होतं. टेबलावर एक बटण होतं. ते दाबून आम्ही बोललो की फक्त आतल्या हेडफोनमध्ये ऐकू जायचं. पुढची सूचना द्यायला ते वापरायचो. मी चक्कर आल्यासारखी खुर्चीवर कोसळले, कोपर बटणावर टेकवलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "आजी, डोळे उघडा!" कोयता माझ्यावर आला. मी हात आडवा घातला. दुखलं का, हे मला आठवत नाही, टेबलभर रक्त झालं तेवढं आठवतं. शफीभाई त्या माणसाला खाली घेऊन पडले आणि त्याचं मनगट दातांनी धरून ठेवलं.

आजीनं डोळे उघडले. ओवी अर्ध्यात थांबली. पायाशी पडलेला समाधान तिनं बघितला, रॉड घेतलेले बघितले, मग दाराकडे बघितलं. रुमाल बांधला म्हणून काय आईला कळत नाही? लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याचा तो खांदा मोडला होता, तिनंच महिनाभर शेकला होता.

"हिंद्या," ती म्हणाली. मग असा काही आवाज काढला की माझ्या कानात तो अजून आहे. "आरं हिंदुराव! भिमाजी पाटलाचा ल्योक ना तू? मारतुयास त्याला? म्या हितं बसल्येली दिसत न्हाई तुला?"

हेडफोन फेकून ती समाधानच्या अंगावर पडली. एकाचा रॉड आधीच उचललेला होता, तो तिच्या गळ्याच्या हाडावर बसला. ते मोडल्याचा आवाज माइकनं पकडला. आणि तेव्हा दारातला माणूस, जो इतका वेळ तोंडातून शब्द काढत नव्हता, तो बोंबलला, "आई! आई, सरक तिथून!"

कंपन्यांच्या आख्ख्या पट्ट्यानं ते ऐकलं. हिंदुरावचा आवाज कोणाला माहीत नव्हता?

आम्हाला नंतर कळलं ते असं. लाइट गेल्यामुळे खालच्या वर्कशॉपची पोरं शेजारच्या टपरीवर चहा पीत बसली होती. टपरीवर आमचाच रेडिओ लागलेला. ओवीमागची धपधप ऐकून टपरीवाला सोपानराव म्हणाला, लाइट नाही, तुम्ही सगळे इथं, मग ठोकतंय कोण? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. उठून जिन्याकडे निघालीच होती, तेवढ्यात आजीची हाक आली आणि मग ती हातोडे घेऊन पळत सुटली. दोघांना त्यांनी जिन्यातच तुडवलं, एकाचा दात पायरीत रुतलेला सापडला. बाकीचे मागच्या पत्र्यावरून उड्या टाकून गेले. हिंदुराव पण पळाला, आईला तिथं टाकून. चार दिवसांनी वकील घेऊन हजर झाला.

समाधानचा जबडा तारांनी बांधला. बरगड्या, हात, एक किडनी पण दुखावलेली. कित्येक आठवडे तो नळीनं डाळीचं पाणी प्यायचा, ते पाणी मीच करून न्यायची. माझ्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, डब्याचं झाकण दातांनी उघडते. तार निघाली आणि तो वेडंवाकडं बोलायला लागला, त्या दिवशी मी पहिलं काय केलं असेल तर त्याला शिव्या घातल्या. मेल्या, ओरडला का नाहीस? एक हाक मारली असतीस तर हात वाचला असता, आजीचं हाड वाचलं असतं. मीच काहीतरी विचित्र विचारतेय असं त्याचं तोंड.

"काकू, दिवा लाल होता."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. शफीभाईंना सांगितलं तर त्यांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

आजी माझ्याकडेच राहायला आली. मुलाच्या घरात पाणी पिणार नाही म्हणाली. मग भावकी यायला लागली. आधी साड्या घेऊन, मग आवाज चढवून. त्यांचं म्हणणं सोपं होतं. तू डोळे मिटून गातेस हे सगळ्या गावाला माहीत आहे, कोर्टात एवढंच सांग, डोळे मिटलेले होते, काही दिसलं नाही. एकजण माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, म्हातारे, पोटचा पोरगा तुरुंगात सडवणार काय? पिंडाला कावळा शिवायचा नाही तुझ्या. आजी कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, न्हाई शिवला तर न्हाई. मी उलथनं घेऊन त्याला दारापर्यंत पोचवला.

हिंदुरावला जामीन मिळाला. वाडीत फटाके फुटले. त्याच आठवड्यात समाधान स्टेशनवर आला आणि म्हणाला, माझी पाळी राहिली आहे. या वेळी मी समजावलं नाही, कारण मला राग आला होता, त्या फटाक्यांचा. शफीभाईंनी जिन्याला लोखंडी दार बसवलं. गुरुवारी वर्कशॉपची पोरं काम बंद ठेवून पायऱ्यांवर बसली, मांडीवर हातोडे. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या कार्यक्रमामागे ठोकाठोक नव्हती. खाली रस्त्याच्या पलीकडे हिंदुरावची पांढरी गाडी काचा चढवून उभी होती. आत रेडिओ लागलेला असणार.

आजीला मी सांगितलं होतं, तुम्ही घरी थांबा. खांदा वाकडा झालेला, हात वर जात नव्हता, ओव्या म्हणणं तिनं सोडूनच दिलं होतं. तरी आली. जिना बसत बसत चढली आणि समाधानच्या शेजारी आपल्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसली. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी काचेतून हात जोडले.

दिवा लाल झाला. समाधाननं सुरुवात केली. शब्द जबड्यातून घासत यायचे. गाव सांगितलं, शिफ्ट सांगितली, मशीन कसं होतं ते सांगितलं. मी मोबाइल बघत नव्हतो, म्हणाला. हे तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला, सेन्सर बंद करून काम कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असं मला सांगितलं ते...

आणि थांबला. आजीकडे बघितलं आणि गप्प झाला.

रेडिओवर गप्प राहणं म्हणजे घरात आग लागल्यासारखं असतं. शफीभाईचा हात गाण्याच्या बटणाकडे गेला, मी तो धरला. समाधान ओठ हलवत होता, पण आवाज फुटत नव्हता. इतका मार खाऊन जे बोलायला तो आला होता, तेच नेमकं राहत होतं. जिनं अंगावर पडून त्याला वाचवलं, तिच्याच पोराचं नाव तिच्यासमोर कसं घ्यायचं? रस्त्यावरच्या गाडीची काच खाली झालेली मला खिडकीतून दिसली.

आजीनं हेडफोन लावलेले नव्हते, ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तिनं समाधानचा तो तीन बोटं नसलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"थांबलास का? हिंद्यानं सांगितलं नव्हं? मग म्हण की."

समाधाननं नाव घेतलं. हिंदुराव, बापाचं नाव, आडनाव, वाडीचं नाव, सगळं. फर्माईश वाचतात तसं, एकेक शब्द सुटा. मग पुढचं सांगितलं, कोण काय म्हणालं, रक्त कोणी पुसलं, मोटरसायकल कोणी पेटवली. बराच वेळ बोलला. खाली पांढरी गाडी चालू झाली आणि तळेगावच्या दिशेनं गेली.

त्याचं बोलणं संपलं आणि मी सवयीनं आजीकडे बघितलं. आता चहा मागेल म्हणून. आजी त्याचा हात धरून समोर बघत बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, पदर तोंडाशी. शफीभाईंनी बटण खाली केलं, दिवा विझला, तोपर्यंत तिनं आवाज काढला नाही. इतक्या वर्षांत तिनं आमचा कायदा पाळला तो त्या एकाच दिवशी.